डब्यावरचे वॅट, बिलातले युनिट

‘साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस घातला तर बिल वाढेल का हो?’ नवा कॉम्प्युटर जुळवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही ठरलेलं : नाही. डब्यावरचा आकडा ही एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या या डब्याची, ताकद झाली, त्याची भूक नव्हे. मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क यांनी मिळून शंभर वॅट मागितले, तर तो शंभरच देतो. बिल ठरतं ते, हे शंभर वॅट देण्यासाठी तो सॉकेटमधून किती ओढतो यावर.

घरातला २३० व्होल्टचा एसी घेऊन त्याचा १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी करणं हे त्याचं काम. यात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. ७० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस शंभर वॅटसाठी सुमारे १४३ वॅट ओढतो, ८५ टक्क्यांचा ११८. फरक २५ वॅटचा. रोज आठ तास वापर धरला तर महिन्याला सहा आणि वर्षाला ७३ युनिट. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे असल्यामुळे हे युनिट तुमच्या सर्वांत महागड्या टप्प्यात मोजले जातात. तिथे दहा रुपये दर धरला तर वर्षाला ७३० रुपये होतात. ग्राफिक्स कार्डवाला, तीनशे वॅट मागणारा कॉम्प्युटर असेल तर याच्या तिप्पट. खोलीत एअर कंडिशनर असेल, तर ही उष्णता बाहेर काढायला वेगळी वीज लागते.

कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा एसएमपीएस मी अनेकदा उघडून दाखवतो. तो हातात घेताच हलका लागतो. सर्किट बोर्डावर इनपुट फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली असते, पण कॉइलऐवजी तिथे नुसता वायरचा तुकडा डकवलेला असतो. हीटसिंकही पत्र्याच्या पट्टीएवढे बारीक. अशा डब्यावरच्या ‘४५० वॅट’वर विसंबू नये.

त्यापेक्षा ‘८० प्लस’ची खूण पाहावी. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या या प्रमाणपत्राची मूळ अट अशी, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के हवी. ब्राँझ, गोल्ड या त्यावरच्या पायऱ्या. मात्र साध्या घरगुती कॉम्प्युटरला हजार वॅटचा एसएमपीएस लावू नये. भार दहा टक्क्यांच्याही खाली राहिला, की चांगल्याचीही कार्यक्षमता घसरते.

सॉकेटमध्ये खोचायच्या ‘पॉवर सेव्हर’ डब्यांवर तर पैसे घालवूच नका. ते पॉवर फॅक्टर सुधारण्याचा दावा करतात, पण आपलं घरगुती बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटवर निघतं. पॉवर फॅक्टर सुधारून ते कमी होत नाही.

शटडाउन केल्यावरही एसएमपीएसची पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन जागी असते. दोन-तीन वॅट म्हणता म्हणता वर्षाला पंधराएक युनिट जातात. भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद केलं की तेही वाचतात.

चांगला चालणारा एसएमपीएस केवळ बिलासाठी बदलू नका. नव्याची किंमत वसूल व्हायला काही वर्षं लागतील. पण नवा घेणारच असाल, तर गरजेपुरत्या वॅटचा, निदान ब्राँझ दर्जाचा मागा आणि दुकानदाराकडून बिलावर त्याचं मॉडेल लिहून घ्या.