सेवाग्रामचं सूत आणि दोन रकान्यांची वही

वर्ध्याहून सेवाग्राम फक्त आठ किलोमीटर. डिसेंबरात गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशीची शेतं, आणि त्यांत वाकून कापूस वेचणाऱ्या बायका दिसतील. ‘सेवाग्राम’ हे नाव मात्र तसं नवंच बरं का! १९३६ साली गांधीजी इथं राहायला आले तेव्हा या खेड्याचं नाव होतं सेगाव. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव. दोन्ही नावं इतकी सारखी, की गांधीजींची पत्रं पार तिकडे जाऊन यायची. शेवटी १९४० साली नाव बदललं.

आमच्या पाचवीच्या वर्गाची सहल यंदा इथं गेली. एकतीस मुलं, आम्ही दोन शिक्षक, आणि करारावर घेतलेली लाल एसटी. सहल म्हटली की मुलं काय करतात, तुम्हांला ठाऊकच आहे. पाटी दिसली की वही काढायची आणि सगळी माहिती भराभर उतरवून घ्यायची. ज्या वस्तूची ती माहिती, ती वस्तू पाहायची राहूनच जाते! म्हणून यंदा मी एक गंमत केली. प्रत्येकाला खिशात मावेल अशी छोटी वही दिली. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे लिहायचं ‘बाहेर काय दिसलं’, उजवीकडे ‘माझ्या आत काय झालं’. पाटीवरचं एक अक्षरही उतरवायचं नाही.

पहिल्या थांब्यावर वह्या पाहिल्या, तर उजवीकडे सगळ्यांनी एकच लिहिलेलं, ‘खूप आनंद झाला.’ एकतीस वह्यांत एकतीस आनंद! निबंधाची सवय, दुसरं काय? मी म्हटलं, “अरे, तो आनंद नेमका कुठं झाला? पोटात, घशात, की पायांत? आणि खरंच आनंद होता की भूक होती?” त्यावर हशा पिकला. पण पुढच्या पानापासून मजकूर बदलला. ‘बसमध्ये खिडकी मिळाली नाही म्हणून घसा दुखल्यासारखं झालं.’ ‘डबा कधी उघडतील एवढंच डोक्यात.’ आता कुठं वही बोलायला लागली होती!

आश्रमात शिरलं की आधी आदिनिवास लागतो. इथलं हे पहिलं घर. सुरुवातीला गांधीजी, कस्तुरबा, आश्रमातली माणसं, आलेगेले पाहुणे, सगळे या एकाच घरात राहत. जवळच गांधीजींनी स्वतः लावलेला पिंपळ आहे, आता चांगला थोराड झालेला. पुढे बा कुटी आणि बापू कुटी. मातीच्या भिंती, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. भिंतीवर मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत. ती नुसती बोटांनी केलीत असं वाटतं. आत बसायची गादी, बुटकं मेज, चरखा, आणि ती प्रसिद्ध तीन माकडं. एवढ्याशा खोलीत देशातले मोठमोठे पुढारी येऊन जमिनीवर बसत.

मुलांचे डोळे मात्र खिळले ते साप पकडायच्या चिमट्यावर. इथं साप पुष्कळ निघायचे. ते मारायचे नाहीत, चिमट्यानं धरून पेटीत घालायचे आणि लांब रानात सोडून द्यायचे, असा आश्रमाचा नियम होता. एका मुलीनं उजव्या रकान्यात लिहिलं, ‘चिमटा पाहूनच तळहात ओले झाले. साप नव्हता तरी!’

परचुरे कुटीपाशी जरा जास्त वेळ थांबलो. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी या रोगावर आजच्यासारखी औषधं नव्हती. लोक अशा माणसाला गावाबाहेर काढत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळून दिलं. मी विचारलं, “तुम्ही काय केलं असतं?” कुणीतरी पटकन ‘मीही सेवा केली असती’ म्हणेल असं वाटत होतं. पण वहीनं आपलं काम केलं होतं. एक मुलगा हळूच म्हणाला, “बाई, मी लांब उभा राहिलो असतो.” हे खरं उत्तर होतं. त्याच्या पाठीवर मी हात ठेवला आणि पुढे निघालो.

गांधीजींना स्वतःकडे पाहायची ही सवय पुष्कळ आधीची, अगदी विद्यार्थिदशेतली. १८८८ साली ते कायदा शिकायला लंडनला गेले. तिथं त्यांनी पैपैचा हिशेब लिहायला सुरुवात केली. बसभाडं, टपालाची तिकिटं, किरकोळ खर्च, सगळं. रोज झोपण्यापूर्वी जमाखर्च जुळवायचा. त्यातून आपले पैसे कुठं जातात ते कळलं. मग त्यांनी स्वस्तातली जागा घेतली आणि रोज कित्येक मैल पायी चालू लागले. आमच्या वर्गातल्या एका मुलीनं असाच वेळेचा हिशेब एक आठवडा ठेवला होता. तिला वाटायचं आपण रोज संध्याकाळी तीन तास अभ्यास करतो. हिशेबात निघाला तासाभराहूनही कमी! बाकीचा वेळ पेन्सिल शोधणे, पाणी पिणे आणि भावाशी भांडणे यांत जमा होता. कुणी रागावलं नाही, शिक्षा नाही. तिनं आपणहून अभ्यासाची जागा बदलली.

दुपारी झाडाखाली डबे झाले आणि मी पिशवीतून टकळ्या काढल्या. शाळेच्या जुन्या कपाटात आठ निघाल्या होत्या. पेळू तिथल्याच एका कार्यकर्त्या आजोबांनी दिले. सूतकताई ही इथली रोजची गोष्ट होती. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी हजेरी व्हायची, तेव्हा आज किती तार कातले ते प्रत्येक जण सांगायचा. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून ‘नयी तालीम’ सुरू झाली. या शिक्षणात मुलं हातानं काम करता करता गणित, भाषा, विज्ञान शिकत.

टकळी दिसते सोपी. डाव्या हातात पेळू धरायचा, उजव्या हातानं टकळीला गिरकी द्यायची आणि पीळ चढत जाईल तसा धागा सोडत जायचा. घाई केली तर धागा बारीक होऊन तटकन तुटतो, रेंगाळलं तर जाड गाठोडी येतात. मन दुसरीकडे गेलं की धागा ताबडतोब चहाडी करतो. गृहपाठात लक्ष नसलं तर ते बाईंना दुसऱ्या दिवशी कळतं, इथं तुमचं तुम्हांला लगेच!

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. त्याचा हात फार लवकर उठतो. सहलीत त्याला नेऊ नका, असं तिघांनी मला आधी येऊन सांगितलं होतं. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामीच होती. त्याचा धागा चार वेळा तुटला. पाचव्यांदा वीतभर निघाला आणि शेजारचा पोरगा हसून म्हणाला, “हे सूत आहे की दोरखंड?” झालं! हा ताडकन उठला, मूठ वळली. मी उठतच होते. तेवढ्यात तो थांबला, वळला आणि कुंपणापर्यंत चालत गेला. तिथं पाठमोरा उभा राहिला, चांगली पाच मिनिटं. परत आला, खाली बसला आणि आधी वही काढली.

वही कुणी कुणाची वाचायची नाही, माझीही सक्ती नाही, असं आमचं ठरलं होतं. त्यानं आपणहून आणून दिली. लिहिलं होतं, ‘आधी कान गरम झाले. मग दात. हात सगळ्यांत शेवटी.’

एवढंच. पण दहा वर्षांच्या मुलानं स्वतःबद्दल लावलेला हा शोध मला फार मोठा वाटला. हात शेवटी येतो, म्हणजे आधी थोडा वेळ मिळतो! परतताना त्याच्या शेजारी तोच हसणारा पोरगा बसला होता. दोघं टकळीवरून वाद घालत होते.

यानंतर त्यानं कुणाला मारलंच नाही, असं मुळीच नाही. जानेवारीत एकदा मारलं. पण त्या वेळी तक्रार यायच्या आत तोच माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बाई, आज कान गरम झालेले कळलेच नाहीत.” मग आम्ही दोघांनी बसून, कळले का नाहीत, त्याचा विचार केला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, असं निघालं.

पालकांना एक विनंती. तुमच्या मुलांनी अशी वही केली, तर ती तपासू नका. शुद्धलेखनसुद्धा काढू नका. एकदा मोठ्यांनी वाचली, की उजव्या रकान्यात पुन्हा ‘खूप आनंद झाला’ सुरू होतं.

आणि सेवाग्रामला जाणार असाल तर दिवस हाती ठेवून जा. पवनारला धाम नदीकाठी विनोबांचा आश्रमही जवळच आहे. सेवाग्रामला संध्याकाळची प्रार्थना आजही उघड्या मैदानातच होते, तोवर थांबा. कुट्यांत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. उन्हाळ्यात अंगण असं तापतं की पाय भाजतात, तेव्हा थंडीत जाणं बरं. पाण्याची बाटली, टोपी आणि एक मधोमध रेघ मारलेली वही घ्या. पेन्सिली मात्र दोन घ्या, एक हमखास हरवते.