जुन्या चित्रकथांचा भाव

चित्रकथांचीं जुनीं पुस्तकें, ज्यांस मुलें ‘कॉमिक्स’ म्हणतात, तीं अलीकडे दागिन्यांप्रमाणें जपून ठेवण्याची वस्तु झालीं आहेत. त्यांतही ज्या अंकांत एखादा नायक प्रथमच वाचकांपुढें आला, त्या अंकाचा मान मोठा. अमेरिकेंत १९३८ सालीं १० सेंटांस मिळणाऱ्या ज्या अंकांत सुपरमॅन प्रथम अवतरला, त्याची एक प्रत एप्रिल २०२४ मध्यें लिलावांत ६० लाख डॉलरांस गेली. असें वर्तमान आलें कीं आमच्या उमरठातही लोकांची नजर माळ्यावरील ट्रंकेकडे वळते, आणि हा भाव टिकणार काय, असें पालक आम्हांस विचारतात.

आम्हांस वाटतें, प्रती थोड्या आणि त्यांचे चाहते पुष्कळ, असा योग असेल तोंवरच भाव टिकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. त्यांत असे असंख्य अंक गेले. उलट सुपरमॅन मात्र चित्रपटांतून आजच्या मुलांपर्यंत येऊन पोंचला. पण त्याच देशांतील दुसरी हकीकत कोणी सांगत नाहीं. नोव्हेंबर १९९२ मध्यें सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला, तेव्हां पुढें श्रीमंत होण्याच्या आशेनें लोकांनीं एकेका घरांत अनेक प्रती घेऊन वेष्टनही न फोडतां ठेविल्या. आज त्या अंकास किरकोळ किंमत येते. जें सर्वांनींच जपलें तें दुर्मिळ होणार तरी कसें?

आतां आपल्याकडील गोष्ट. ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक मार्च १९६४ मध्यें निघाला, किंमत ६० पैसे. त्यांतील वेताळ १९३६ पासूनच अमेरिकन वृत्तपत्रांत नांदत होता; तेव्हां तो अंक म्हणजे वेताळाचें आगमन, जन्म नव्हे. खरा आपला असा अवतार आबिद सुरती यांच्या बहादूरचा, आणि तो डिसेंबर १९७६ मधला. हे अंक मराठींतही निघत. वाचून झाल्यावर ते रद्दींत जात व वाण्याकडे शेंगदाण्यांच्या पुड्या होऊन परत घरीं येत. जे उरले त्यांस पोलादपूरकडचा पाऊस भेटला! सह्याद्रीच्या पायथ्याशीं चार महिन्यांची ओल कागदाचें काय करते हें येथल्या माणसास सांगावयास नको. पानें चिकटतात, टांचण्या गंजून त्यांचा तांबडा डाग आरपार जातो, आणि वाळवीस तर वेताळाचीही भीति नाहीं. म्हणून चांगली प्रत खरोखरच दुर्मिळ आहे.

परंतु ही माला १९९० सालीं बंद पडली. लहानपणीं तिची वाट पाहणारे आज चाळिशी ओलांडून गेले आहेत, आणि पैसे मोजतात ते मुख्यतः हेच. यंदा एका वर्गांत ‘बहादूर कोण?’ असें आम्हीं विचारिलें. एकही हात वर झाला नाहीं. तेव्हां आमच्या समजुतीप्रमाणें हा भाव त्या पिढीच्या हयातीपुरता आहे.

अनंत पै यांनीं १९६७ सालीं सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’चा प्रकार याच्या अगदीं उलट. तींत तानाजींवरही पुस्तक आहे. येथील मुलास तानाजी शिकवावे लागत नाहींत. त्यांची व शेलारमामांची समाधि गांवांतच आहे, आणि २०२० च्या चित्रपटानंतर तर दूरदूरचे लोकही ती शोधीत येऊं लागले. चाहत्यांस तोटा नाहीं. पण पुस्तकें पुनःपुन्हां छापलीं गेल्यानें प्रतींसही तोटा नाहीं. मुलांच्या दृष्टीनें हें उत्तमच झालें, साठवणाऱ्याच्या दृष्टीनें नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांपाशीं ट्रंकभर इंद्रजाल आहे. कन्येला परिचारिकेच्या शिक्षणास पाठवावयाचें आहे. मुंबईचा एक व्यापारी बरी रक्कम देऊं करतो. गृहस्थ म्हणतात, दहा वर्षें थांबलों तर दुप्पट येईल. आम्ही त्यांस म्हटलें, “दादा, दहा वर्षांनीं घेणारा कोण असेल तें आधीं सांगा. फीची तारीख मात्र याच वर्षाची आहे.” बहादूरचा एक अंक हवा तर ठेवावा, बाकीचे द्यावे, असा सल्ला आम्हीं दिला. त्यांचें मन अद्याप होत नाहीं. मुलगी मात्र रोज दोन अंक वाचून बाजूस रचीत आहे. व्यापारी पावसाळ्याआधीं यावयाचा आहे.