मशीनसोबत आलेलं पुस्तक

होडीला लावायचं आउटबोर्ड मशीन घेतलं की सोबत एक पुस्तक मिळतं, हे मालवणच्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. ते वाचणारा मात्र मला आजवर भेटलेला नाही. आमच्याकडे नवं टू-स्ट्रोक मशीन आलं, मी सहज म्हणून ते पुस्तक चाळायला घेतलं आणि संपेपर्यंत खाली ठेवलंच नाही. अहो, काय काय आहे त्यात!

मशीन चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडते. ती पडतेय ना, एवढं बघायला आम्ही लहानपणीच शिकतो. पण ती धार म्हणजे काय, ते मला आता कळलं. मशीनच्या पाण्यात बुडालेल्या पायात रबराच्या पात्यांचा एक छोटा पंप असतो. तो समुद्राचंच पाणी वर खेचून सिलिंडरभोवती फिरवतो, आणि त्यातलं थोडं पाणी आपल्याला दिसावं म्हणून बाहेर सोडलेलं असतं. त्या रबराला वंगणही पाण्याचंच! म्हणून कोरड्या वाळूवर ‘जरा चालू करून बघूया’ म्हणायचं नाही. थोडक्या वेळात पाती जळतात. घरी आल्यावर गोडं पाणी फिरवायचं, कारण आतल्या वाटांत खारं पाणी सुकतं आणि मीठ साचत जातं. आणि खाली बसवलेला तो राखाडी धातूचा तुकडा? तो मशीनच्या वाटची झीज स्वतःवर घेतो. त्याला रंग फासला की त्याचं कामच थांबतं.

तेलाचं प्रमाण तर प्रत्येकाने वाचावं. आमच्या मशीनला एरवी 50 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, म्हणजे 20 लिटरला 400 मिली. नव्या मशीनला पहिले 10 तास याच्या दुप्पट. त्यातला पहिला तास अर्ध्या थ्रॉटलवर, दुसरा पाऊण, आणि उरलेल्या तासांत सलग 5 मिनिटांपेक्षा जास्त वेळ फुल थ्रॉटल द्यायचा नाही. आतले नवे भाग एकमेकांवर घासून बसेपर्यंत त्यांना हा सांभाळ हवा असतो. नव्या मशीनची ताकद बघायला पहिल्याच दिवशी फुल थ्रॉटल मारणाऱ्या प्रत्येकाला हे पान वाचून दाखवावंसं वाटतं!

गिअर ऑइल भरायची रीत मला सगळ्यात आवडली. ते खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर आत हवा अडकते. खालून भरलं की तेलच हवेला बाहेर ढकलतं. आणि जुनं तेल दुधासारखं पांढरट निघालं, तर कुठल्यातरी सीलमधून पाणी आत शिरलंय. केवढा मोठा बिघाड नुसत्या रंगावरून आधीच ओळखता येतो!

पुढे बुडालेल्या मशीनचं पान येतं. होय, मशीन पाण्यात पडलं तर काय करायचं, हेही लिहिलेलं आहे! लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढायचे, प्लगची भोकं खाली करून आतलं पाणी काढायचं, दोरी ओढत कार्ब्युरेटरमधून तेल आत सोडायचं आणि तडक मेकॅनिक गाठायचा. चालू करून बघायचं नाही. त्याआधीच्या पानावर स्टार्टरची दोरी तुटल्यावरचा उपाय आहे. वरचं झाकण काढायचं, सुट्या दोरीची गाठ फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवायची, घड्याळाच्या दिशेने वेढे द्यायचे आणि ओढायचं. त्याआधी मशीन न्यूट्रलला आहे ना, हे स्वतः बघायचं, कारण गिअरमध्ये असताना चालू होऊ न देणारी सोय अशा वेळी काम करत नाही.

काका बाजूला जाळं दुरुस्त करत बसले होते. म्हणाले, “मशीन दर्यात बंद पडला तर पुस्तक वाचीत बसतलंस काय?”

पण म्हणूनच तर ते घरी वाचायचं! मी त्यांना मनगटाला बांधायच्या लाल दोरीचं पान वाचून दाखवलं. कितीतरी जण ती मशीनलाच अडकवून ठेवतात. दोरी अंगाला बांधलेली असली आणि माणूस पाण्यात पडला, तर क्लिप निघते आणि मशीन बंद होतं. नसली तर होडी तशीच पुढे निघून जाते, नाहीतर गोल फिरून पंखा त्याच माणसावर येतो. काकांनी हातातली सुई बाजूला ठेवली आणि म्हणाले, “परत वाच.”

पुस्तक इंग्रजीत आहे, आणि होडीवर जाणाऱ्या कितीतरी जणांना ते वाचता येत नाही. म्हणून मी लाल दोरीचं, बुडालेल्या मशीनचं आणि तेलाचं पान मराठीत उतरवायला घेतलंय. ते प्लॅस्टिकमध्ये घालून हत्यारांच्या डब्यात ठेवणार आहे. शेजारच्यांनाही सांगितलंय, तुमच्या पडवीत पडलेलं पुस्तक शोधून आणा. प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे असतात, आमचे तुम्हाला चालायचे नाहीत. आतापर्यंत दोघांनी आणून दिलीत. त्यातलं एक फोर-स्ट्रोकचं आहे, आणि ते मशीन आडवं ठेवायचं तर कुठल्या कुशीवर, यालाच त्यात एक अख्खं चित्र दिलंय!