वही उघडी, गोदाम रिकामे

व्यापारी घराण्यात पैशाइतकीच साख जपली जाते. म्हणूनच घरातील तरुण मंडळी मीम नाण्यांत रस घेऊ लागली की वडीलधाऱ्यांनी चार प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. डोजकॉइन 2013 मध्ये निघाले तेच थट्टेखातर; त्यावरील चित्र एका कुत्र्याचे. अशा नाण्यामागे माल नाही, उत्पन्न नाही, कोणाची देयताही नाही. अधिक भाव देणारे पुढचे गिऱ्हाईक मिळेल, एवढाच काय तो आधार.

पुणेकरांस याचा धडा दूर शोधावा लागत नाही. अमित भारद्वाज यांच्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेत 18 महिने दरमहा 10 टक्के परताव्याचे आश्वासन होते. पुढे बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ हे घरचेच, अत्यल्प किमतीचे नाणे गुंतवणूकदारांच्या हाती ठेवण्यात आले. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यांना अटक केली. मार्च 2022 मध्ये तर तपासास साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांनाच, आभासी नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, अटक झाली. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती तिजोरी!

तरुण म्हणतात, “यातील व्यवहारांची वही सर्वांना खुली असते.” ते खरे आहे. खुलेपणाचे मोल मीही मानतो. ‘सिग्नल’सारख्या संदेश-ॲपची संगणकीय संहिता खुली असल्याने, ते आपली खासगी माहिती कशी जपते हे जाणकारांना तपासता येते. परंतु खुली वही केवळ देवघेव दाखवते. वस्तूचे मोल सिद्ध करीत नाही. बँकेत मालसाठ्याचे विवरणपत्र कितीही नेटके आले, तरी आम्ही गोदामात जाऊन पोती मोजत असू. मीम नाण्याला मोजण्याजोगे गोदामच नसते.

शिवाय, 1 एप्रिल 2022 पासून अशा नफ्यावर 30 टक्के आयकर आहे, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनदेखील वजा करता येत नाही. नफ्यात सरकार भागीदार, तोट्यात आपण एकटे!

आपल्या पूर्वजांनी हुंडी सकारली ती लिहिणाऱ्याची पत पारखून. आज कागद बदलला, पडदा आला. तरी लिहून देणारा कोण आणि रक्कम बुडाल्यास कोणाच्या दारी जायचे, हे विचारल्यावाचून दुकानाचे खेळते भांडवल हलवू नये.