गोफणीचा दगड

शाळा सोडून अकरावीत गेलो, विज्ञान इंग्रजीतून आले आणि प्रक्षेपकाच्या गणितापाशी मी अडलो. सूत्रे पाठ होती, उत्तर येत नव्हते. शाखा बदलण्याचा अर्ज खिशात घेऊनच दिवाळीला पुसेगावी आलो. बाबा ज्वारी राखत होते. गोफणीतून सुटलेला दगड पाहताना आपल्या शाळेतील आलेखकागद आठवला: गुरुजी उभे आणि आडवे अंतर वेगवेगळे मोजायला लावीत. वेगाचेही तसेच दोन भाग केले. सेकंदाला 20 मीटर वेग, 30 अंशांचा कोन. उभा वेग 10, गुरुत्वत्वरणही 10 धरले, म्हणजे 2 सेकंदांत दगड सुटल्या उंचीला परत. आडवा वेग 17.3, तो बदलत नाही, अंतर 34.6 मीटर. (हवेचा रोध पुस्तके सोयीने वगळतात.) बाबांना कोन ठाऊक नव्हता, दगड नेमका थव्यालगत पडे. अर्ज बांधावरच फाडला.