आधी उडवा, मग विचारा?

फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर कोणाचं अकाउंट उडालं आणि तो माणूस ‘माझा आवाज दाबला’ म्हणून दुसरीकडे ओरडू लागला, की माझं उत्तर ठरलेलं असायचं : काहीतरी केलं असेल, त्याशिवाय का उडालं? हे मत मी बरीच वर्षं बाळगलं आणि घरीदारी आग्रहाने मांडलं. चिथावणीखोर काही दिसलं की मी रिपोर्ट मारायचे आणि भाचरांनाही मारायला लावायचे. रिपोर्ट मी आजही मारते. पण त्यामागचं मत आता तसं राहिलेलं नाही. ते कुठे बदललं आणि कुठे बदललं नाही, हे नीट मांडून पाहायचं आहे.

माझं जुनं मत काही पुस्तकातून आलेलं नव्हतं, ते याच शहरात, पुण्यात, तयार झालं. मे २०१४ च्या अखेरीस शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवरून फिरली. पुण्यात दगडफेक झाली, बस फुटल्या. २ जूनच्या रात्री हडपसरला मोहसीन शेख हा आयटीतला तरुण नमाज पढून घरी निघाला होता. जमावाने त्याला मारहाण केली आणि त्यात त्याचा जीव गेला. पुढे जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं. २०१४ च्या त्या आठवड्यात माझ्या मनात एकच होतं : ती चित्रं तासाभरात काढली असती तर? तेव्हापासून ‘आधी उडवा, चर्चा मागाहून’ हे माझं धोरण झालं.

त्याला दुसरा टेकू होता खासगीपणाचा. कंपनीचा मंच आहे, नियम तिचे. पटत नसेल तर दुसरीकडे जा. इथे मी ‘घाशीराम कोतवाल’चा दाखला द्यायचे. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात पीडीए या नाट्यसंस्थेने तेंडुलकरांचं हे नाटक उभं केलं. वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी ते थांबवलं. सरकारने बंदी घातलेली नव्हती, संस्थेनेच आपल्या नाटकाला नकार दिला. मग जब्बार पटेल, मोहन आगाशे आणि मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी निघाली, जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा सुरू झालं आणि १९८० मध्ये युरोपात जाऊन आलं. बघा, मी म्हणायचे, एका संस्थेने दार लावलं म्हणून कोणाचा आवाज बंद होत नाही.

या दाखल्याला पहिला धक्का लागला तो एका अगदी बिगरराजकीय प्रकरणाने. आमच्या सोसायटीतल्या एक ताई घरगुती फराळाचा व्यवसाय करतात. दुकान नाही, पाटी नाही. ऑर्डरी सगळ्या एका मोठ्या प्लॅटफॉर्मवरच्या अकाउंटवर. ऐन दिवाळीच्या तोंडावर ते अकाउंट बंद झालं. समुदायाच्या निकषांचं उल्लंघन झालं आहे, एवढाच निरोप. अपील केलं, तर काही मिनिटांत निर्णय कायम असल्याचं उत्तर आलं. जुन्या गिऱ्हाइकांचे निरोप, घेतलेल्या ऑर्डरी, चकल्यांचे फोटो, सगळं त्या बंद दाराच्या आत.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. अर्ज, खुलासे, तक्रारींची उत्तरं लिहिण्यात हात बसलेला, म्हणून ताईंनी अर्ज लिहून द्यायला सांगितलं. मी बसले. प्रति कोण, माहीत नाही. संदर्भ काय घालावा, तेही नाही. कोणती पोस्ट, कोणत्या तारखेची, कोणत्या नियमाखाली? आरोपच माहीत नसेल तर खुलासा कशाचा करायचा? दुसरं दार शोधा, हा माझा आवडता सल्लाही त्यांना देता येईना. थिएटर अकॅडमी काढणाऱ्यांच्या मागे पुण्याचा प्रेक्षक नव्या संस्थेकडे चालत जाऊ शकत होता. ताईंची गिऱ्हाइकं त्या मंचाच्याच ताब्यात होती, आणि आपण नव्या पत्त्यावर गेलो आहोत एवढं कळवायलाही मंच तोच लागणार होता.

यंत्राकडून एखादी चूक होणारच, असं मी स्वतःला समजावलं. पण चुकांचं प्रमाण कंपन्यांनीच सांगितलेलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीने धोरण बदलताना जाहीर केलं, की डिसेंबर २०२४ मध्ये ते रोज लाखो गोष्टी काढत होते आणि अशा दर १० कारवायांपैकी एक-दोन चुकीच्या असू शकतात. जून २०२५ मध्ये फेसबुकवरचे कितीतरी ग्रुप एकदम बंद पडले, त्यांत पक्ष्यांचे फोटो टाकणाऱ्या हौशी लोकांचाही एक होता. कंपनीने तांत्रिक चूक झाल्याचं मान्य केलं. ‘काहीतरी केलं असेल, त्याशिवाय का उडालं’ हे वाक्य यानंतर माझ्या तोंडून सहज निघेना.

चुका कशा होतात, तेही समजून घेतलं. पहिली चाळणी यंत्राची. ते आधी पाहिलेल्या नमुन्यांशी नवा मजकूर ताडून पाहतं. दांडपट्ट्याच्या प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ आणि कोयता नाचवत दिलेली धमकी यांतला फरक संदर्भाने कळतो, आणि संदर्भ हेच यंत्राचं दुबळं अंग. मोठ्या भाषांसाठी जेवढी तयारी केलेली असते तेवढी मराठीसाठी असेल, अशी आशा मला नाही. त्यात मास रिपोर्टिंगची भर : एखाद्याला गप्प करायचं ठरवून शंभर जण एकाच वेळी बटण दाबतात. ते बटण मी ज्या विश्वासाने दाबते त्याच विश्वासाने तेही दाबत असतील, हे मला फार उशिरा सुचलं.

बँकेच्या अनुभवाने माझा विचार पुढे ढकलला. कर्जदाराचं खातं ‘फ्रॉड’ ठरवणं ही आमच्याकडची मोठी कारवाई. ठपका बसला की पुढे कोणतीच बँक दारात उभी करत नाही. २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक विरुद्ध राजेश अगरवाल या खटल्यात सांगितलं, की असा ठपका ठेवण्याआधी कर्जदाराला नोटीस द्या, त्याचं म्हणणं ऐका आणि कारणांसह आदेश काढा. आमच्यापैकी कित्येकांनी कपाळाला हात लावला; मी मात्र निकालाच्या बाजूने होते. पैसे बुडवले असण्याची शक्यता असलेल्या माणसालाही ऐकून घ्या म्हणणारी मी, फराळवाल्या ताईंना तोच हक्क कोणत्या तोंडाने नाकारणार?

तरीही २०१४ मनातून जात नव्हतं. सुनावणी घेत बसलो आणि तेवढ्यात शहर पेटलं तर? या प्रश्नाला उत्तर सापडल्याशिवाय मत बदललं असं म्हणणं मला अप्रामाणिक वाटलं असतं. म्हणून पुण्याशी जोडलेली जुनी-नवी प्रकरणं पुन्हा वाचून काढली.

२००७ चं ऑर्कुटचं प्रकरण आज फारसं कोणाला आठवत नाही. शिवाजी महाराजांबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. दूरसंचार कंपनीने पुरवलेल्या आयपी पत्त्याच्या तपशिलावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले होते. तो जवळपास ५० दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला आणि मग उघड झालं की तपशीलच चुकीचा होता. त्या मजकुराशी त्याचा संबंध नव्हता.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत कोंढव्याच्या पोलिसांनी १९ वर्षांच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला इन्स्टाग्रामवर शेअर केलेल्या पोस्टवरून अटक केली. पोस्ट तिने दोन तासांच्या आत काढली होती, माफीही मागितली होती. महाविद्यालयाने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांनी तिला तातडीने सोडायला लावलं, महाविद्यालयाचा आदेश स्थगित केला आणि तिचा परीक्षेचा मार्ग मोकळा केला. ती पोस्ट मला आवडली नव्हती, आजही आवडत नाही. पण पोस्ट तर केव्हाच गेली होती. मागे राहिली होती ती एक मुलगी, आणि सगळी यंत्रणा तिच्यामागे लागली होती.

मग २०१४ कडे पुन्हा पाहिलं. त्या चित्रांशी मोहसीनचा काही संबंध नव्हता. जमावाला पोस्टशी देणंघेणं नव्हतं, त्याला शिक्षा द्यायला माणूस हवा होता. खून, अटक आणि अकाउंट बंद होणं यांना मी एका मापाने मोजत नाही. तसं करणं मृत्यूची थट्टा होईल. पण घाई कोणत्या दिशेला धावते ते तिन्हीकडे दिसतं. मला घाई हवी होती ती मजकूर थांबवण्यासाठी. प्रत्यक्षात ती प्रत्येक वेळी माणसावर चालून गेली, आणि २००७ मध्ये व २०१४ मध्ये तर त्या मजकुराशी संबंधच नसलेल्या माणसावर.

माझं मत बदललं ते इथे. पोस्ट आणि अकाउंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकच धरून चालले होते. दंगल पेटवू शकेल असं चित्र आधी झाका, खुलासा मागाहून घ्या. चुकलात तर परत लावता येईल, फार तर दोन दिवसांचं नुकसान. अकाउंट बंद करणं ही मात्र माणसाला दिलेली शिक्षा आहे. त्याने पूर्वी लिहिलेलं, पुढे लिहील ते, ओळखीपाळखी आणि अनेकांच्या बाबतीत पोटपाणी, सगळं त्यात जातं. त्याला घाईचं कारण लावता येत नाही. तिथे नोटीस हवी, नेमकी पोस्ट आणि नेमका नियम सांगायला हवा, आणि उत्तर माणसाने वाचायला हवं.

यातलं बरंचसं आपल्या नियमांत आहे, हे मला ताईंचा अर्ज लिहिण्याच्या खटपटीत कळलं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचाने स्वतःहून मजकूर काढायचा असेल, तर आधी कारणासह कळवायचं असतं आणि म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. हे सगळं कागदावर आहे, पण अकाउंट बंद झाल्याच्या त्या निरोपात यातलं अक्षरही नव्हतं. बँकेच्या शाखेत लोकपालाचा पत्ता भिंतीवर लावावा लागतो. मंचांनाही आपल्या निरोपात या समितीचा पत्ता देण्याची सक्ती का नसावी? आणि तीही मराठीत?

इथपर्यंत कंपन्यांबद्दल बोलणं सोपं होतं. सरकारकडे वळले तेव्हा माझी जास्त पंचाईत झाली, कारण जुन्या मताने मी सरकारवर डोळे झाकून भरवसा ठेवला होता. मार्च २०२२ मध्ये केंद्राने दिल्ली उच्च न्यायालयात भूमिका मांडली होती, की मंचांनी पूर्ण अकाउंट बंद करणं हा टोकाचा उपाय असावा. नेमकी मला पटणारी भूमिका. पण ३० जून २०२३ ला कर्नाटक उच्च न्यायालयाने ट्विटरची याचिका ५० लाखांच्या दंडासह फेटाळली, तेव्हा सरकारची बाजू उलट होती : आख्खी अकाउंटं बंद करायला लावण्याचा अधिकार आम्हाला आहे. न्यायालयाने तो मान्य केला. मे २०२५ मध्ये एक्सने (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने) जाहीर केलं, की भारतात ८,००० हून अधिक अकाउंटं रोखण्याचे आदेश आले आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत कोणती पोस्ट कायद्याविरुद्ध आहे हे सांगितलेलंच नाही. ते दिवस युद्धाचे होते, सरकारला घाई असणं मी समजू शकते. पण संदर्भाची जागा कोरी ठेवून काढलेला आदेश कंपनीचा असो की सरकारचा, मला तो आता सारखाच खटकतो.

माझ्यासारखीच मतं असलेल्या मैत्रिणी विचारतात, मग तू आता ‘सगळं चालू द्या’वाल्यांत गेलीस का? नाही. चुका फार होतात म्हणून मेटाने अमेरिकेत तथ्यतपासणी करणाऱ्यांनाच निरोप दिला, तो उपाय मला पटलेला नाही. हिशेब चुकतो म्हणून कोणी तपासनीस काढून टाकत नाही. खोट्या चित्रांनी गावं पेटतात हे मी पाहिलेलं आहे, आणि अशी चित्रं झाकण्यात झालेल्या दिरंगाईला मी आजही माफ करणार नाही. वारंवार विष पसरवणाऱ्याचं अकाउंट कायमचं बंद व्हावं, हेही माझं म्हणणं आहे. फक्त त्याच्या हातात आधी आरोपपत्र पडावं, तो कितीही नावडता असला तरी.

तो नावडता असतो तेव्हाच हे जड जातं. फराळाच्या ताईंसाठी नोटीस मागायला मला क्षणभरही लागला नाही. ज्या माणसाच्या पोस्टवर मी संतापून रिपोर्ट मारते त्याच्यासाठी तीच नोटीस मागताना आजही जीभ अडखळते. पण नियम लिहायचा तर तो त्याला धरूनच लिहावा लागेल, कारण ताईंचं अकाउंट बंद झालं तेव्हा त्या यंत्राच्या लेखी ताईही त्याच्यासारख्याच एक होत्या.