वाचनाची पाळी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात कॅथलिक घर शोधावं लागतं. हे बंदर मुख्यतः कोकणी मुसलमान मच्छीमारांचं. मी मूळची वसईची, नोकरीमुळे इथे आले आणि रत्नागिरीच्या चर्चमध्ये रविवारी मिस्साविधीत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, बायबलचं वाचन करू लागले. वसईत वाचकांची वानवा नसते. महिन्या-दोन महिन्यांनी पाळी येते. इथे माणसं थोडी. जो येतो त्याच्या हाती काही ना काही काम पडतंच. कुणी गाणी उचलून धरतो, कुणी वेदीची तयारी करतो, कुणी दान गोळा करतो.

या कामांना ‘फादरांना मदत’ म्हणतात, ते मला पटत नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. वाचक, वेदीसेवक आणि गायनमंडळ करतात ती खरीखुरी उपासनेचीच सेवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याआधी मिस्साविधी लॅटिनमध्ये चाले. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, चर्चमधून लोकांनी ते मराठीत ऐकलं. पण खुद्द मिस्साविधी लोकांच्या भाषेत यायला त्यानंतर साडेतीनशे वर्षं लागली.

पहिलं वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातलं, मग स्तोत्र, मग दुसरं वाचन, ते पुष्कळदा पौलाच्या पत्रातलं. पौलाची वाक्यं लांबलचक. श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवलं नाही, तर अर्थ मध्येच तुटतो. पेंटेकॉस्टच्या सणाला फ्रुगिया, पंफुलिया, कप्पदुकिया अशी नावं एकामागून एक येतात, ती मी आठवडाभर घोकते. चर्चमध्ये पहिल्या बाकावर अक्षरओळख नसलेली एखादी आजी असते. तिच्यापर्यंत शास्त्र पोहोचतं ते माझ्या तोंडून. मी एक शब्द गिळला, तर तिच्यापुरता तो शास्त्रातून गळाला. म्हणून शनिवारी रात्री मोठ्याने वाचायला बसणं ही मला प्रार्थनाच वाटते.

शुभवर्तमान मात्र आम्ही वाचायचं नसतं; ते डीकन किंवा धर्मगुरू वाचतात. तो नियम मला मान्य आहे. पण त्याआधीची दोन वाचनं नीट कळावीत म्हणून घरी मी तेही वाचते. पुनरुत्थानानंतर तिबेरियाच्या सरोवरावर शिष्य रात्रभर जाळं टाकतात, काही लागत नाही, आणि पहाटे एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात, तो योहानाचा प्रसंग एकदा वाचत होते. शेजारचे तांडेल चाचा ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, “मोजले म्हणजे वाटे घालायचे असणार. आणि एवढ्या मालानं जाळं फाटलं नाही, हे लिहिणारा दर्यावरचाच माणूस.” इतक्या वर्षांत त्या आकड्यावर पुष्कळ प्रवचनं ऐकली. वाट्याचा विचार कुणी बोलून दाखवला नव्हता.

स्त्रियांच्या बाबतीतला नियम मात्र मला कधीच मान्य नव्हता. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं सामान्य प्रापंचिकांना खुली केली, पण फक्त पुरुषांना. प्रत्यक्षात जगभर बायका वाचत होत्या, माझी आईसुद्धा. विधिपूर्वक नेमणूक मात्र त्यांची होऊ शकत नव्हती. १० जानेवारी २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ही अट काढली. मधली एकोणपन्नास वर्षं अशा बायकांचं वाचन चर्चने ऐकलं आणि त्यांना पद नाकारलं. हा अन्याय होता, असं मी म्हणते.

१९७३ पासून गरजेप्रमाणे सामान्य माणसाच्या हातून ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्साविधीत पवित्र केलेली भाकर, देण्याची परवानगी आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तर ही मोठी सोय. ही परवानगी देणाऱ्या आदेशातच आजाऱ्यांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांसाठी ते घेण्याआधीच्या उपवासाचा अवधी तासावरून पाव तासावर आणला. रोमला बसून कुणीतरी औषधाची वेळ, पेजेची वेळ ध्यानात घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं. डबीतून ख्रिस्तशरीर घेऊन जाणारा वाटेत गप्पांना थांबत नाही; पण आजाऱ्याच्या उशाशी तो घाई करत नाही.

रत्नागिरी २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे. आधी पुणे धर्मप्रांतात होती. वसईत आणि इथे, दोन्हीकडे वाचणाऱ्या बायका मला भेटल्या, विधिपूर्वक नेमलेली एकही भेटली नाही. ती नेमली जावी, आणि त्याआधी तिला सहा महिने शास्त्राचं व उच्चारांचं रीतसर शिक्षण मिळावं, असं मी फादरांना लेखी कळवलं आहे. इथल्या चर्चमधल्या मुलींपैकी दोघी शिकायला तयार आहेत. येत्या पावसाळ्यात त्यांना शनिवारी माझ्याकडे बोलावणार आहे.